खुशालीचे कार्ड

हिंदुस्थानात टपालाचे कार्ड १ जुलै १८७९ रोजी निघाले, तेव्हा त्याची किंमत पाव आणा होती. दूरदूर विखुरलेल्या आपल्या ज्ञातिबांधवांस एकमेकांशी बांधून ठेवण्याचे जे कार्य या पाव आण्याने केले, ते आमच्या मते कोणत्याही परिषदेच्या ठरावाने झाले नसेल.

तत्पूर्वी नाशिकक्षेत्री आलेल्यांची नावे व कुळे क्षेत्रोपाध्यायांच्या चोपड्यांत नोंदली जात, व ती प्रथा पुढेही चालू राहिली. परंतु गाय व्याली, पापड झाले, चैत्री एकादशीस रामरथ पाहून आलो, हे कळविले ते कार्डानेच. त्यावरील तिकीटही १९२६ पासून आपल्या नाशिकरोडच्या छापखान्यात छापले जाऊ लागले, याचे आम्हां नाशिककरांस कौतुक.

कार्ड उघडे, त्यामुळे सासुरवाशिणीने सासऱ्यांच्या नजरेखालून ‘इकडे सर्व क्षेम’ एवढेच लिहावे! तिला १९५० साली निघालेल्या अंतर्देशीय पत्राच्या घडीचा आडोसा मिळाला.

अशुभ वार्तेचे कार्ड मात्र वाचताच फाडून टाकीत. घरात ठेवीत नसत. म्हणून तारेला टोचून जपलेली जुनी पत्रे चाळावीत, तर घराण्यात विवाह व बारशी तेवढी झाली, मृत्यू कोणासच आला नाही, असे वाटावे. आमच्या पणजीच्या निधनाचे साल आम्हांस घरच्या तारेवर मिळाले नाही. अस्थी घेऊन रामकुंडावर आलेल्या तिच्या पुत्राने उपाध्यायांच्या चोपड्यात केलेल्या मोडी सहीशेजारी ते सापडले.