फराहबागेचा गारवा आणि पोथ्यांचे आयुष्य

वैशाखात नगरचा पारा चाळिशी गाठतो. अशा उन्हात शहराच्या आग्नेयेला दोनेक मैलांवर फराहबागेत जावे आणि मधल्या उंच दिवाणखान्यात घटकाभर उभे राहावे, म्हणजे निजामशाहीचे सुलतान उन्हाळा कसा काढीत हे ग्रंथ न चाळताही उमगते. (शहराचे नाव २०२४ साली अहिल्यानगर झाले, तोंडी अजून ‘नगर’च येते.) इथला पहिला महाल मनास आला नाही म्हणून तो पाडला, असे सांगतात. सध्याचा महाल मूर्तझा निजामशहाच्या कारकिर्दीत, १५८३ साली, सलाबतखानाने पुरा केला.

महाल अष्टकोनी आहे. मधला घुमटाचा दिवाणखाना सुमारे तीस फूट उंच, आणि भोवती दीडशे फूट रुंदीचे तळे. तापलेली हवा घुमटाकडे चढायची, जाड भिंती रात्रीचा गारवा दिवसभर धरून ठेवायच्या आणि पाण्यावरून येणारा वारा निवून आत यायचा. पाणी दुरून आणण्याची विद्या तर निजामशाहीला चांगलीच अवगत होती. डोंगरपायथ्याचे पाणी खापरी नळांनी शहरात खेळवलेले होते. विजेचा दिवाही ज्यांनी पाहिला नव्हता, त्यांची ही व्यवस्था!

याच शहरात १९६० साली, महाराष्ट्र राज्य झाले त्याच वर्षी, ऐतिहासिक वस्तुसंग्रहालय उभे राहिले. तिथली सुमारे दोनशे फूट लांबीची जन्मकुंडली पाहून लहानथोर तोंडात बोट घालतात. पण अशा कागदाला नगरची हवा मानवते का? कागद हवेतला ओलावा पितो आणि सोडतो. भर उन्हाळ्यात तो कडक होतो, पावसाळ्यात सैल पडतो. फार कोरड्या हवेत घड्या तुटतात. हवेची आर्द्रता सत्तर टक्क्यांच्या वर फार दिवस राहिली की बुरशी धरते.

सरळ उपाय वातानुकूलनाचा वाटतो. मात्र यंत्र दिवसा चालले आणि संध्याकाळी बंद झाले, किंवा वीज गेली, की कागदाला रोज नवे हेलकावे बसतात. त्यापेक्षा यंत्र नसलेले बरे. शिवाय विजेचे बिल! लहान संग्रहालयाला ते भरता भरता पोथ्यांच्या पेट्यांसाठी पैसा उरत नाही.

हा काटेकोरपणा मुळात थंड देशांतून आला. दुसऱ्या महायुद्धात लंडनच्या नॅशनल गॅलरीने आपली चित्रे वेल्समधल्या मॅनोड येथील पाटीच्या दगडाच्या खाणीत हलवली. तिथल्या एकसारख्या हवेत चित्रांचे रंग उकलेनात. तेव्हा स्थिर हवेचे महत्त्व सगळ्यांना पटले. पुढे त्या अनुभवाचे कडक आकडे झाले आणि जगभर लागू झाले, मग मुलूख थंड असो की उष्ण. २०१४ साली वस्तुरक्षकांच्या जागतिक संस्थांनी मेलबर्न येथे निवेदन मान्य केले, त्यात सांगितले की वातानुकूलन हवेच असे धरून चालू नये. साधे, कमी ऊर्जेचे मार्ग आधी पाहावेत.

मग फराहबागेचे अनुकरण करावे का? अर्धेच. भिंती घ्याव्यात, तळे सोडावे! पाण्याचा गारवा माणसाला सुखाचा, पण ओल पोथीला घातक. दारात वाळ्याचा पडदा भिजवून पोथ्या ‘गार’ ठेवू पाहणारा भाबडा माणूस चैत्रात फार तर थोडा फायदा करील. आषाढात मात्र तो बुरशीला घरी बोलावील.

आमच्या पूर्वजांनी तळ्याविनाच हे साधले होते. पोथी दोन लाकडी फळ्यांमध्ये, वर सुती रुमाल, रुमाल पेटीत, पेटी जाड भिंतीच्या फडताळात आणि सोबत वेखंडाची पूड. एकेक आवरण बाहेरच्या हेलकाव्याला मंद करते. लाकूड नि सूत ओलावा शोषून पुन्हा हळूहळू सोडतात. कित्येक कागद हरताळाने रंगवलेले असत. ते विष कीड दूर ठेवते. (ते विषच आहे, म्हणून अशी पाने हाताळून लागलीच फराळाला बसू नये.) घरी पोथी असेल तर ती प्लास्टिकच्या पिशवीत कोंडू नका, आत अडकलेली ओल बाहेर पडत नाही.

फराहबागेच्या परिसरातच १९९४ पासून लष्कराचे रणगाडा संग्रहालय आहे. तिथले पोलादी हत्ती उघड्यावर ऊनपाऊस सोसतात. त्यांचा वैरी गंज, नि कोरडी हवा त्यांची मैत्रीण. म्हणजे एकाच गावात एका संग्रहाचा मित्र दुसऱ्याला जाच करतो, तेव्हा सगळ्यांना एकच आकडा कसा लावावा?

यंत्र लागते ते पावसाळ्यात, आणि तेही साऱ्या इमारतीला नव्हे. एका बंद खोलीत हवेतील ओल शोषणारे यंत्र आणि भिंतीवर आर्द्रता मोजणारा लहानसा काटा असला की काम भागते. उन्हाळ्यात दुपारी खिडक्या मिटाव्यात, रात्री उघडाव्यात, हे तर फराहबागेच्या भिंतींनीच शिकवले. आणि ती दोनशे फुटांची कुंडली? तिची गुंडाळी उलगडायची ती बेताने, थोडी थोडी, कोरड्या हाताने. भर पावसाच्या दिवशी तर उलगडूच नये.