लम्प चारकोलचं उशिरा झालेलं बारसं

अमेरिकेत घरामागच्या अंगणात मांस भाजणाऱ्यांचे दोन तट आहेत. एका तटाला ब्रिकेट पुरतं, म्हणजे कोळशाची भुकटी दाबून केलेल्या, छोट्या उशीसारख्या दिसणाऱ्या एकसारख्या वड्या. दुसऱ्याला लागतो ‘लम्प चारकोल’: लाकडाचा अखंड, वेडावाकडा, लहानमोठ्या तुकड्यांचा कोळसा. हा दुसरा तट स्वतःला परंपरेचा वारस समजतो. लम्प हा मूळ पुरुष आणि ब्रिकेट ही कारखान्यात निपजलेली नक्कल, अशी त्याची ठाम समजूत आहे. वस्तू म्हणून अखंड कोळसा हजारो वर्षांचा आहे, यात शंका नाही. पण परसातलं इंधन म्हणून आणि ‘लम्प’ या नावानं तो ब्रिकेटच्या मागून आला आहे, असं माझं म्हणणं आहे. ब्रिकेट नसतं तर त्याला हे नावही मिळालं नसतं आणि हा मानही.

आधी नावाचंच पाहू. एखाद्या वस्तूला विशेषण चिकटतं ते बहुधा तिच्याशेजारी दुसरी वस्तू येऊन बसल्यावर. इंग्रजीत ‘कोल’ म्हणजे मुळात धगधगता निखारा, जळालेल्या लाकडाचा तुकडा. खाणीतला कोळसा घरोघर पोचला, त्यानं ते नाव बळकावलं आणि लाकडी कोळशाला ‘चारकोल’ या जोडनावावर समाधान मानावं लागलं. मराठीतही असाच पेच पडला, पण आपण तो जास्त नेटका सोडवला. खाणीतला तो दगडी कोळसा आणि लाकडाचा तो लोणारी कोळसा. चुना भाजणं आणि कोळसा पाडणं हा ज्या लोणारी समाजाचा पिढीजात धंदा, त्याचं नाव त्या कोळशाला मिळालं. म्हणजे चारकोल काय आणि लोणारी काय, दोन्ही शब्द दगडी कोळशापासून वेगळेपण दाखवतात. ‘लम्प’ हे विशेषण मात्र दगडी कोळशाकडे पाहतच नाही, कारण ‘चारकोल’ म्हटल्यावर लाकूड आलंच. मग ‘लम्प’ म्हणून वेगळं काढायचं कशापासून? भुकटीच्या वडीपासून. वडी नव्हती तोवर चारकोल अखंडच असायचा आणि ते सांगायची गरज कुणालाच नव्हती.

त्या काळात अमेरिकेतला बहुतेक कोळसा स्वयंपाकाला नव्हे, लोखंडाला लागत होता. पेनसिल्व्हेनियातली होपवेलची भट्टी १७७१ पासून १८८३ पर्यंत कोळशावर चालली. जंगलात झोपड्या बांधून राहणारे कोळसेवाले लाकडाचे मोठे ढीग रचत, मधे धुराड्याची जागा ठेवत, वरून पालापाचोळा आणि माती लिंपत आणि आत हवा जाऊ न देता ते दिवसेंदिवस धुमसू देत. सगळी मेख या लिंपण्यात असते. हवा मिळाली तर लाकडाची राख होते. हवा तोडली तर पाणी, डांबर आणि वायू निघून जातात आणि उरतो मूळ वजनाच्या जेमतेम चौथ्या हिश्शाचा, बहुतांशी कार्बनचा सांगाडा. तो सांगाडा लाकडाशी इतका इमानी असतो की चांगल्या कोळशाच्या तुकड्यावर झाडाची वर्षवलयं मोजता येतात, फांदी फुटल्याची गाठ ओळखता येते. पूर्ण भाजलेला तुकडा दुसऱ्यावर आपटला तर काचेसारखा खणकन वाजतो. कच्चा राहिलेला बद्द आवाज करतो आणि पेटवल्यावर धुरकटतो. हे ज्ञान कोळसेवाल्यांच्या हातात होतं, पण त्यांचा माल जात होता लोहाराकडे आणि भट्टीकडे. पुढे लोखंडाचा धंदा दगडी कोळशाच्या कोकवर गेला आणि लाकडी कोळशाचं मोठं गिऱ्हाईक तुटलं.

नेमक्या याच सुमारास ब्रिकेट पुढे येतं. पेनसिल्व्हेनियाच्या एल्सवर्थ झ्वॉयर यांनी १८९७ मध्ये कोळशाच्या ब्रिकेटच्या आकाराचं पेटंट घेतलं. पण वडी घरोघर पोचली ती मोटारीमुळे. हेन्री फोर्ड यांच्या मॉडेल टी गाडीला बरंच लाकूड लागे. त्यासाठी एडवर्ड किंग्सफर्ड या नातलगाच्या मदतीनं त्यांनी मिशिगनमध्ये आयर्न माउंटनच्या परिसरात जंगल घेतलं आणि १९२० च्या दशकात तिथे लाकडी भागांचा मोठा कारखाना उभा केला. कापाकापीत उरलेल्या तुकड्यांचे आणि भुशाचे डोंगर साचू लागले. फोर्डना वाया घालवणं खपत नसे. ओरेगनचे रसायनशास्त्रज्ञ ऑरिन स्टॅफर्ड यांनी भुशाचा कोळसा करून स्टार्चच्या चिकीनं त्याच्या वड्या पाडण्याची पद्धत काढली होती, ती इथे उपयोगी पडली. या वड्या आधी मांस-मासळी धुरावणाऱ्यांकडे गेल्या. मग फोर्डच्या गाड्या विकणाऱ्या दुकानांतून, सहलीच्या छोट्या शेगडीसोबत, गिऱ्हाइकाच्या हाती पडल्या. मोटार घ्या, रानात जा आणि तिथे कोळशावर भाजून खा, ही जोडगोळी फोर्डच्या दुकानानं लावली. १९५१ मध्ये तो धंदा विकला गेला आणि मालाला किंग्सफर्ड हे नाव मिळालं.

परसाची वेळ आली ती दुसऱ्या महायुद्धानंतर. शहरांबाहेर एकसारख्या घरांच्या वसाहती पसरल्या आणि लाखो कुटुंबांना प्रथमच स्वतःचं मागलं अंगण मिळालं. १९५२ मध्ये शिकागोजवळच्या वेबर ब्रदर्स मेटल वर्क्समध्ये काम करणाऱ्या जॉर्ज स्टीफन यांनी पाण्यावर तरंगणाऱ्या बोयाचा धातूचा गोळा मधोमध कापून झाकणाची शेगडी केली. या शेगडीला साजेसं इंधन म्हणजे ब्रिकेट: मोजून टाकता येणारं, सारख्या आचेचं, किराणा दुकानात मिळणारं. भाजण्याचा छंद त्याआधी नव्हता असं नाही. जेम्स बिअर्ड यांचं उघड्यावरच्या स्वयंपाकाचं पुस्तक १९४१ मध्येच आलं होतं. पण घरोघरच्या परसाला कोळसा ठाऊक झाला तो वडीच्या रूपात.

मग लम्प परसात आला कुठून? माझ्या मते याचं उत्तर राखेत आहे. जपानमध्ये भात शिजवण्याचं मुशिकामाडो नावाचं जाड भिंतींचं मातीचं भांडं होतं. युद्धानंतर अमेरिकी सैनिकांनी ते मायदेशी नेलं आणि १९७४ मध्ये एड फिशर यांनी अटलांटात त्याच घराण्यातल्या ‘बिग ग्रीन एग’चा व्यवसाय सुरू केला. या भांड्यात आच कमीजास्त होते ती फक्त हवेनं. खाली एक झरोका, वर एक झरोका, बोटभर उघडा किंवा मिटा. अशा यंत्रणेचा खरा वैरी राख. राख पांढरी दिसावी म्हणून ब्रिकेटमध्ये घातलेल्या चुनखडीमुळे खालच्या जाळीत राखेचा थर बसतो आणि हवा कोंडते. अखंड कोळशाची राख मूठभर. शिवाय दोन्ही झरोके मिटले की तो विझतो आणि उरलेले तुकडे पुढच्या वेळी पुन्हा पेटतात. शेगडीतले निखारे विझवून डब्यात भरून ठेवणाऱ्या आपल्या आज्यांना हे सांगावं लागणार नाही. थोडक्यात, परसात अखंड कोळशाला स्वतःचं स्थान मिळालं ते एका नव्या भांड्याची गरज म्हणून, आणि तोवर वडी तिथे रुळून गेली होती.

यावर एक आक्षेप सरळ आहे. अमेरिकेच्या दक्षिणेत खड्डा खणून, हिकरी आणि ओकच्या निखाऱ्यांवर अख्खं डुक्कर भाजण्याची रीत ब्रिकेटच्या कितीतरी आधीची आहे, तीच लम्पची पूर्वज नव्हे काय? मला तसं वाटत नाही. तिथे लाकूड जागेवर जाळून निखारे पाडले जातात. कोळसा आधी भट्टीत पाडून, थंड करून, पिशवीत भरून आणावा लागत नाही. तो निखारा आणि पिशवीतला कोळसा चुलत भावंडं म्हणता येतील, बापलेक नव्हेत. जपानचा बिंचोतान कोळसा, तुर्कस्तानची मंगल नावाची शेगडी आणि आपली शेगडी यांची परंपरा मात्र खरोखर अखंड आहे. पण म्हणूनच तिथे ‘अखंड तुकड्यांचा’ असं मुद्दाम म्हणावं लागलं नाही. आपल्याकडेही पोत्याच्या तळाची भुकटी शेणमातीत कालवून गोळे वळण्याची आणि ते उन्हात वाळवण्याची रीत होती. पेटंटवाचूनचं ब्रिकेटच ते. पण त्या गोळ्यानं कोळशाला कोपऱ्यात ढकललं नाही, म्हणून कोळशाला नवं नाव घ्यावं लागलं नाही.

दुसरा आक्षेप चवीचा. लम्पमध्ये लाकडाची चव उरते, वडीत नाही, असं म्हणतात. पण पूर्ण भाजलेल्या कोळशातून चव देणारी द्रव्यं भट्टीतच उडून गेलेली असतात. लाकडाचा वास येतो तो कच्च्या तुकड्यांतून. मग भाजल्याचा तो खमंगपणा कुठला? याची साक्ष आपल्याच स्वयंपाकघरात आहे. भरताच्या पातेल्यात वाटी ठेवून तिच्यात लाल निखारा टाकतात, त्यावर चमचाभर तूप सोडतात आणि चटकन झाकण लावतात. नुसता निखारा ठेवून झाकलं तर भरीत जवळजवळ तसंच राहतं. धुरी धरते ती जळत्या तुपाची. परसातही मांसाची चरबी निखाऱ्यावर ठिबकते आणि तिचा धूर वर चढतो. चांगल्या लम्पचं बळ त्याची कमी राख, झटपट आणि कडक आच आणि हवेला लगेच दाद देणं यांत आहे. एवढं पुरेसं आहे. पुरातन चवीची पदवी त्याला नको.

एका बाबतीत मात्र हे नाव मला खरोखर तोकडं वाटतं. ‘लम्प’ फक्त आकार सांगतो. ‘लोणारी’ हा शब्द माणूस सांगत होता. आज महाराष्ट्रातही ते काम त्या एकाच समाजाकडे राहिलेलं नाही. रायगडकडची कातकरी कुटुंबं उचल घेऊन महिनोन्‌महिने कोळशाच्या भट्ट्यांवर जातात आणि त्यांचं नाव कुठल्याच कोळशाला मिळालेलं नाही. अमेरिकेत बसून भाजणाऱ्या मराठी माणसानं आणि इथे तंदूर पेटवणाऱ्यानंही पिशवी उचलताना तुकड्यांचा आकार पाहावाच, पण त्याआधी दुकानदाराला दोन गोष्टी विचाराव्यात: हे लाकूड कोणत्या झाडाचं आणि ही भट्टी कुणी लावली?