मूर्ती की चित्र?

२००७ च्या उन्हाळ्यात आई पहिल्यांदाच आमच्याकडे शिकागोला आली होती. एका रविवारी तिला आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये घेऊन गेलो. तीनेक दालनं झाल्यावर तिचे पाय दुखायला लागले, म्हणून एका बाकावर बसवलं. समोर, बऱ्याच अंतरावर, झुरबारानचा क्रूसावरचा येशू होता. आई बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "मूर्ती छान आहे रे. रंग बघ कसा दिलाय, अजिबात चकचकीत नाही."

मी हसलो. "अगं आई, मूर्ती कुठली, चित्र आहे ते!" जरा मोठ्यानेच म्हणालो असणार, कारण शेजारचे दोघं-तिघं वळून बघायला लागले. आई गप्प झाली. नंतर दिवसभर तिने कुठल्याच चित्राबद्दल काही म्हटलं नाही.

ते तिचं गप्प होणं माझ्या डोक्यातून गेलं नाही. पुढे दोनेक वर्षांनी स्पेनच्या कलेबद्दल वाचताना कळलं की, आई जे म्हणाली ते तीनशे वर्षांपूर्वीच छापून आलेलं आहे. पालोमिनो नावाच्या चित्रकाराने १७२४ साली स्पॅनिश चित्रकारांची चरित्रं प्रसिद्ध केली. त्यात झुरबारानच्या अशाच एका येशूबद्दल तो सांगतो की, देवघराच्या जाळीतून, अंधुक उजेडात तो बघणाऱ्या नवख्या माणसाला ती मूर्तीच वाटते. हे चित्र म्हणजे बहुधा आमच्या शिकागोचंच. १६२७ साली सेव्हिलच्या सान पाब्लो या मठासाठी काढलेलं, जवळजवळ तीन मीटर उंच. मागे नुसता काळोख. ना डोंगर, ना शहर, ना रडणारी माणसं. एका बाजूने उजेड पडलाय आणि कमरेच्या पांढऱ्या वस्त्राच्या घड्या अशा उठून आल्यात की हात लावावासा वाटतो. क्रूसाच्या पायथ्याशी चिकटवल्यासारखा एक कागदाचा कपटा आहे, त्यावर सही आणि साल. तोही रंगवलेलाच.

आता गंमत बघा. झुरबारान पोरवयात ज्याच्याकडे शिकायला होता, तो गुरू मूर्ती रंगवणारा. सेव्हिलमध्ये तेव्हा कामाची कडक वाटणी होती. लाकूड कोरायचं मूर्तिकाराने, रंगवायचं चित्रकाराने. दोघांचे संघ वेगळे, परीक्षा वेगळ्या. मूर्तिकाराने कोरलेलं कोरं लाकूड चित्रकाराच्या घरी जायचं. तिथे सरस, मग खडूसारख्या पांढऱ्या लुकणाचे थर, घासकाम, आणि मग त्वचेचा रंग. (आईचं माहेर पेणचं. गणपतीच्या कारखान्यात साच्यातून मूर्ती काढणारा वेगळा आणि डोळ्यांची आखणी करणारा वेगळा, हे तिने परकरातल्या वयात पाहिलंय. तिला रंग आधी दिसला यात नवल नाही.)

या वाटणीतली सगळ्यात प्रसिद्ध जोडी म्हणजे मोंतान्येस आणि पाचेको. मोंतान्येसला लोक 'लाकडाचा देव' म्हणत. १६०३ साली एका धर्माधिकाऱ्याने त्याला क्रूसावरचा येशू कोरायला सांगितला. करारातली अट मला फार आवडते: येशू जिवंत हवा, डोळे उघडे हवेत, मान उजवीकडे झुकलेली हवी आणि पायाशी प्रार्थना करणाऱ्याकडे तो असा बघत असावा की जणू त्याच्याशीच बोलतोय. ही मूर्ती आज सेव्हिलच्या कॅथेड्रलमध्ये आहे. रंगवली पाचेकोने. चकचकीत रंगाचा त्याला मनस्वी तिटकारा. तसल्या मूर्तींना तो झिलई दिलेल्या बशा म्हणायचा. त्वचा मंद, मॅट दिसली पाहिजे, नाहीतर उजेड नको तिथे चमकतो आणि कोरीवकाम मरतं, असं त्याचं म्हणणं. वाचता वाचता मी थांबलोच. आई नेमकं हेच म्हणाली होती!

चित्र श्रेष्ठ की शिल्प हा वाद इटलीतही रंगला होता, पण तो बराचसा तोंडी लावण्यापुरता. लिओनार्दोने मूर्तिकाराची टिंगल केली की तो संगमरवराच्या भुकटीने भटारखान्यातल्या पाववाल्यासारखा पांढरा होतो. १५४७ साली वार्की नावाच्या पंडिताने कलावंतांना पत्रं लिहून मतं मागवली, तेव्हा मायकेलअँजेलोने उत्तर दिलं, पण त्याचा सूर साधारण 'एवढ्या वादात दोन मूर्ती झाल्या असत्या' असाच. सेव्हिलमधला वाद मात्र पोटापाण्याचा होता. मोंतान्येसने सांता क्लारा मठाच्या वेदीचं काम घेतलं ते कोरण्यासकट आणि रंगवण्यासकट. पाचेको भडकला. १६२२ मध्ये त्याने चित्रकारांसाठी एक निवेदनच काढलं. मोंतान्येसचं कौशल्य मान्य, पण रंगकाम चित्रकाराचंच, असा त्याचा दावा. एवढी वर्षं ज्याच्या मूर्तींना कातडं दिलं, त्याच्याशीच भांडण! मला यात पाचेकोचा राग समजतो. मूर्तीखाली नाव मोंतान्येसचं लागतं. आणि पाचेकोची आज ओळख काय, तर वेलाझ्केझचा गुरू आणि सासरा.

खरं सांगायचं तर मीही त्याच पंगतीतला. रंगवलेल्या मूर्ती म्हणजे जत्रेतला भडकपणा, अस्सल शिल्प पांढरं संगमरवरी, हे मी कुठून शिकलो कोण जाणे. म्युझियममध्ये लाकडी संतांच्या खोल्या मी झपझप ओलांडायचो. २००९ च्या ऑक्टोबरमध्ये लंडनच्या नॅशनल गॅलरीने ही स्पॅनिश चित्रं आणि रंगीत मूर्ती शेजारी शेजारी मांडल्या होत्या. मला जाता आलं नाही, याची हळहळ अजून आहे.

शेवटचं एक. १६३५ च्या सुमारास मोंतान्येस माद्रिदला आला होता, राजा चौथ्या फिलिपच्या चेहऱ्याचा नमुना करायला. त्यावरून इटलीत राजाचा अश्वारूढ पुतळा ओतायचा होता. तेव्हा वेलाझ्केझने, म्हणजे पाचेकोच्या जावयाने, त्याचं चित्र काढलं. ते प्रादोमध्ये आहे. काळ्या कपड्यातला म्हातारा, हातात अवजार, नजर समोर. त्याचा चेहरा इतका भरीव रंगवलाय, आणि तो घडवत असलेलं राजाचं डोकं मात्र कोऱ्या कॅनव्हासवर चार-दोन रेषांत सोडून दिलंय. अपुरं राहिलं की मुद्दाम ठेवलं, यावर विद्वान बोलत असतात. मला तरी त्यात सासऱ्याच्या जुन्या भांडणावर जावयाचं मिश्किल उत्तर दिसतं. असो, पुरावा काही नाही. :)

हे सगळं त्याच आठवड्यात आईला फोनवर सांगितलं. पालोमिनोचं, जाळीचं, चकचकीत रंगाचं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग तेव्हा एवढ्या मोठ्याने कशाला ओरडलास?"