सोंगाड्याची तागडी

माझं आजोळ जुन्नर तालुक्यातलं. यात्रेला तमाशा आला की मंडळी शाळेत उतरायची आणि संध्याकाळी सोंगाड्या मामाच्या ओट्यावर चहाला यायचा. चहा हे निमित्त. "पाटील, यंदा गावात काय नवीन?" एवढं विचारून तो बिडी ओढत ऐकत बसायचा. त्या वर्षी मामाने रेशनच्या साखरेचं गाऱ्हाणं सांगितलं.

रात्री गण झाला, गवळण आली. गवळणीतली मावशी म्हणजे लुगडं नेसलेला बाप्याच. मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणींना कृष्ण आणि पेंद्या अडवतात, दुधादह्यावर कर मागतात. कर कसला, बसवला कुणी, पावती कुठाय, हे विचारायचं काम मावशीचं. देवाला असं विचारता येतं, मग मामलेदाराची काय कथा! वेड पांघरलेल्याला राजाही शिक्षा करत नाही, ही सोंगाड्याची सनद.

सावळजच्या उमा बाबूंचा 'मोहना बटाव' हा पहिला वग मानतात, साल 1865. वगाला कथानक आलं, राजा-प्रधान आले, पण सोंगाड्याचं बोलणं कागदावर उतरलं नाही. पुढे सरकारने संहिता आधी मंजूर करून घ्यायचा नियम केला. आता बतावणीची, म्हणजे सोंगाड्याच्या आयत्या वेळच्या संवादाची, संहिता आणायची कुठून? ती तर त्या दिवशीच्या चहाबरोबर तयार होते.

अण्णा भाऊ साठ्यांनी सोंगाड्याचं हे हत्यार नीट ओळखलं होतं. 1944 मध्ये अमर शेख आणि गव्हाणकरांबरोबर त्यांनी लाल बावटा कलापथक काढलं. गणातला गणपती काढून तिथे कष्टकऱ्यांना वंदन घातलं, पण सोंगाड्या ठेवला. तमाशावर बंदी आली तेव्हा खेळाला लोकनाट्य म्हटलं. 1965 च्या 'विच्छा माझी पुरी करा'त वसंत सबनिसांचं लिखाण होतं, तरी दादा कोंडके त्या-त्या दिवसाचं राजकारण त्यात घुसडायचेच. मला विचाराल तर 'गाढवाचं लग्न'मधला दादू इंदुरीकरांचा सावळ्या कुंभार या सगळ्यांच्या वर. इंद्राच्या दरबारातला गंधर्व शापाने गाढव होतो नि कुंभाराच्या दारी येतो, मग राजाची सोयरीक कुंभाराशी. जातीचा तोरा मोडायला भाषण कशाला हवं?

तर त्या रात्री. राजाने प्रधानाला राज्याचं वर्तमान विचारलं. प्रधानाआधी सोंगाड्याच मुसमुसत म्हणाला, "म्हाराज, मुंग्या मेल्या."

"कशानं?"

"साखर आल्याचा सांगावा आला. बिचाऱ्या रांगेत हुब्या ऱ्हायल्या. साखर मागल्या दारानं गेली."

गावात हशा पिकला. सगळ्यात मोठ्याने हसला तो पुढच्या रांगेत बसलेला दुकानदार. हसत हसत त्याने पाचाची नोट वर धरली. दौलतजादा घेतली की देणाऱ्याचं नाव पुकारायचं, हा रिवाज. सोंगाड्याने नाव पुकारलं, मुजरा केला आणि नोट ढोलकीवाल्याकडे दिली.

"हातानं मोज रं," तो म्हणाला, "यांच्या तागडीत घालू नको."