काळ्या किनारीचे पोस्टकार्ड आणि तिसरे मांजर

सप्टेंबर १९०८. टोकियोतील काही तरुण साहित्यिकांच्या घरी काळ्या किनारीचे पोस्टकार्ड येऊन पडले. प्रेषक होते त्यांचे गुरू, जपानचे थोर कादंबरीकार नात्सुमे सोसेकी. निधन झाले होते ते मात्र मांजराचे. बरेच दिवस आजारी असलेले आमचे मांजर रात्री कोणाच्याही नकळत अडगळीच्या जागेतील जुन्या चुलीवर मरून पडले, रिक्षावाल्याकरवी त्याला पेटीत घालून परसात पुरले. धनी 'सान्शिरो' कादंबरी लिहिण्यात गुंतलेले असल्याने अंत्यविधीस येण्याची तसदी घेऊ नये, अशा आशयाच्या चार ओळी. थट्टा कोठे संपते आणि सुतक कोठे सुरू होते, हे त्या ओळी वाचून ठरवता येत नाही.

हे मांजर साधे नव्हते. १९०४ मध्ये ते सोसेकींच्या सेंदागी येथील घरात पिल्लू म्हणून शिरले. पत्नी क्योको यांना मांजरांचा तिटकारा. त्यांनी त्याला अनेकदा बाहेर काढले, ते पुन्हा पुन्हा आत आले. इतके येते तर राहू द्या, असे यजमानांनी म्हटले आणि ते राहिले. पुढे घरी येणाऱ्या एका मालिश करणाऱ्या म्हातारीने त्याची नखेसुद्धा काळी असल्याचे पाहिले व हे लक्ष्मीच्या पावलांचे मांजर आहे असे सांगितले. त्या दिवसापासून त्याच्या भातावर सुक्या बोनिटो माशाचा कीस पडू लागला. घरात लाभाची वार्ता आली की प्रेमालाही पाझर फुटतो, हे काही एकट्या जपानचे वैशिष्ट्य नव्हे.

म्हातारीचे भाकीत खरे ठरले. जानेवारी १९०५ पासून 'होतोतोगिसु' मासिकात सोसेकींची 'मी एक मांजर आहे' ही कथा येऊ लागली. एक निनावी मांजर आपल्या मालकाच्या घरातील माणसांचे निरीक्षण करते आणि त्यांची यथेच्छ टर उडवते, असा तो प्रकार. एकाच प्रकरणाचा बेत होता. लोकांच्या आग्रहाने ते लेखन १९०६ पर्यंत चालले. इंग्रजीचा एक चिडचिडा प्राध्यापक त्यातून देशभर गाजलेला लेखक झाला. १९०७ मध्ये त्याने विद्यापीठ सोडून 'आसाही' वृत्तपत्रात लेखक म्हणून नोकरी धरली. मांजराला मात्र ना पुस्तकात नाव मिळाले, ना घरात.

पुढच्याच वर्षी, १९०९ मध्ये, सोसेकींनी 'मांजराचे थडगे' हे छोटे स्फुट लिहिले. पोस्टकार्डात जे नव्हते ते येथे आहे. मांजर खंगत चालले होते, वांत्या करत होते, त्याची नजर विझत चालली होती आणि घरातील कोणीही त्याच्याकडे विशेष लक्ष देत नव्हते. मुले देत नव्हती, पत्नी देत नव्हती, खुद्द लेखकही नव्हता. मग ते मेले. एकाएकी सारे घर हलले. पत्नी मुद्दाम मृतदेह पाहून आली आणि आजवरची उदासीनता टाकून धावपळ करू लागली. थडग्यासाठी लाकडी पाटी आणली गेली. सोसेकींनी एका बाजूस 'मांजराचे थडगे' असे लिहिले व दुसऱ्या बाजूस एक हायकू. मुलांनी काचेच्या बाटल्यांत फुले ठेवली, वाडग्यात पाणी ठेवले. चार वर्षांची मुलगी एकटीच त्या थडग्यापाशी आली, आपल्या खेळण्यातल्या पळीने तिने ते पाणी काढले आणि पिऊन टाकले.

मांजराच्या मृत्युतिथीस पत्नी थडग्यापुढे सामन माशाचा एक तुकडा आणि बोनिटोचा कीस घातलेला भात ठेवत असे. या प्रथेत कधी खंड पडला नाही. फक्त अलीकडे ते ताट परसापर्यंत जात नाही, बैठकीच्या खोलीतील कपाटावरच ठेवले जाते, एवढे सांगून सोसेकी लेखणी खाली ठेवतात. दुःख ओसरते म्हणजे नेमके काय होते, याचे इतके अचूक वर्णन विरळा. ताट भरले जाते, पण पायरी उतरून जाणे थांबते.

मग दुसरे मांजर? ते आले. पण त्याची कथा सांगायला सोसेकींना १९१५ साल उजाडले. 'काचेच्या दारांआड' या त्यांच्या अखेरच्या काळातील लेखमालेत ते लिहितात की, एका पाहुण्याने घरातील मांजर पाहून विचारले, ही कितवी पिढी? त्यांनी सहज उत्तर दिले, दुसरी. नंतर विचार करता लक्षात आले की दुसरी केव्हाच होऊन गेली, ही तिसरी. दुसरे मांजर अगदी लहान असतानाच गेले होते. अंथरुणाखाली शिरलेले पिल्लू घरातल्या कोणाच्या तरी पायाखाली आले. औषध देऊनही वाचले नाही. पहिले बेघर असून कीर्तिमान झाले, दुसऱ्याचे आयुष्य इतके तोकडे की धन्यालाही त्याचा विसर पडावा.

थोड्याच दिवसांत काळेभोर तिसरे आले. त्याच्याविषयी सोसेकींना ना विशेष माया होती, ना राग. त्याला त्वचेचा विकार जडून केस झडू लागले. त्याच सुमारास सोसेकीही अंथरुणाला खिळले. पोटाच्या व्रणाने ते वर्षानुवर्षे आजारी असत. ते उठून बसू लागले तेव्हा मांजराच्या अंगावरही पुन्हा काळी लव आली होती. आपल्यात आणि या प्राण्यात काही नाते आहे की काय, असा विचार त्यांच्या मनात येतो आणि लगेच त्याची त्यांना गंमतही वाटते. पहिल्याची जागा भरण्यासाठी हे मांजर आणलेले नव्हते. अनायासे आले, आणि एका दुखण्यात सोबतीला राहिले, इतकेच.

१९१६ च्या डिसेंबरात सोसेकी वारले. पहिल्या मांजराच्या तेराव्या स्मृतिवर्षी, १९२० मध्ये, कुटुंबाने वासेदा मिनामी-चो येथील घराच्या आवारात एक नऊ थरांचा दगडी मनोरा उभारला. तो केवळ त्या प्रसिद्ध मांजरासाठी नव्हता. घरात वाढलेले कुत्रे, मांजरे, पाखरे अशा साऱ्यांसाठी होता. विसर पडलेले ते दुसरे पिल्लूही त्यात आलेच. १९४५ च्या हवाई हल्ल्यात मनोरा कोसळला; उरलेल्या दगडांतून तो १९५३ मध्ये पुन्हा रचण्यात आला आणि आज तेथील सोसेकी उद्यानात उभा आहे.

याच गुरूचा एक शिष्य म्हणजे उचिदा ह्याक्केन. जन्म १८८९, ओकायामा. १९११ मध्ये तो सोसेकींच्या वर्तुळात आला. पुढे जर्मन भाषेचा प्राध्यापक झाला व विक्षिप्त, खोचक निबंधांसाठी ख्यातनाम ठरला. गुरूच्या मांजराला पुन्हा जिवंत करून त्याने १९५० मध्ये 'मी एक मांजर आहे'ची नकली आवृत्तीही लिहिली होती. प्रत्यक्षात त्याला शौक होता पाखरांचा. मग एका भटक्या मांजरीचे पिल्लू त्याच्या अंगणात आले. भटक्या मांजराला जपानीत 'नोरानेको' म्हणतात, म्हणून त्याचे नाव नोरा. इब्सेनच्या नायिकेशी या बोक्याचा संबंध नाही, हे ह्याक्केनने स्वतःच स्पष्ट केले आहे. पण घराबाहेर पडून न परतणे, एवढे साम्य दोघांत निघालेच.

२७ मार्च १९५७ च्या दुपारी नोरा बागेतून बाहेर गेला आणि आला नाही. ह्याक्केन तेव्हा सदुसष्ट वर्षांचा होता. त्यानंतरची त्याची रोजनिशी वाचवत नाही. न्हाणीघरातील टबाच्या झाकणावर नोरा झोपत असे, म्हणून म्हाताऱ्याने स्नान टाळले. सुशीबरोबर येणारे अंड्याचे काप नोराला आवडत, म्हणून सुशी मागवणे बंद झाले. वृत्तपत्रात जाहिरात दिली, हस्तपत्रके वाटली. शेपटीचे टोक किंचित वाकडे आहे, नोरा म्हणून हाक मारली तर ओ देतो, असे वर्णन त्यांत होते. आसपास परदेशी लोक राहत असल्याने इंग्रजीतही पत्रक निघाले. हरवलेले मांजर परत यावे म्हणून नवव्या शतकातील आरिवारा नो युकिहिराची एक विरहकविता लिहून ठेवण्याचा जुना तोडगाही करून झाला. कोठे मेलेले मांजर पुरल्याचे कळले की खात्री करून घेतली जाई. अनोळखी वाचकांची पत्रे येत: आमचेही असेच गेले होते, इतक्या महिन्यांनी परतले. धीर देणारी ही पत्रे एका अर्थी क्रूरही होती; त्यांच्यामुळे शोक पूर्ण होऊ शकत नव्हता.

सोसेकींच्या घरी मृतदेह होता, पाटी होती, तिथी होती. ह्याक्केनकडे यांपैकी काहीच नव्हते. त्याच्या एका लेखाचे शीर्षकच आहे 'नोरा अद्याप परतला नाही'. योगायोग असा की, जुने विद्यार्थी त्याच्या वाढदिवसाला दरवर्षी जी मेजवानी करत तिचे नावही 'अजून नाही' या अर्थाच्या शब्दावरून पडले होते: गुरुजी, निघालात का? अजून नाही. अकिरा कुरोसावा यांचा १९९३ मधील अखेरचा चित्रपट 'मादादायो' याच शब्दावरून आला आहे आणि त्यात नोराही आहे.

शोध चालू असतानाच, त्याच वर्षी, आणखी एक बोका अंगणात येऊ लागला. रंग, ठिपके थेट नोरासारखे. दोघे सख्खे भाऊ वाटावेत. शेपूट तेवढी आखूड. ह्याक्केनने त्याला जर्मनमधील 'आखूड' या अर्थाचे नाव दिले, कुर्त्स. हे नावच पाहावे: नोराशी तुलना करता जे कमी पडले, त्यावरून ते ठेवले आहे. दुसरे मांजर घ्यायचे की नाही, हा निर्णय त्या घरात कोणी घेतलाच नाही. नोरासाठी उघडे ठेवलेले दार होते, त्यातून कुर्त्स आत आला.

तो पाच वर्षे राहिला. १९६२ च्या ऑगस्टमध्ये तो आजारी पडला, तेव्हा पशुवैद्य दररोज घरी येत. नवरा-बायको रात्र रात्र त्याच्याजवळ बसून असत. १९ ऑगस्टला त्यांच्या डोळ्यांदेखत त्याने प्राण सोडला. बहात्तरी उलटून गेलेला तो लेखक पुन्हा ढसाढसा रडला. या वेळी त्याचे रडणे कुर्त्ससाठीच होते. पुढच्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या त्याच्या पुस्तकाच्या नावाचा अर्थ होतो, 'कुरु, तूच का रे?'

आज जपानी दुकानांत मिळणाऱ्या खिशात मावेल अशा आवृत्तीत दोन्ही बोक्यांवरचे लेख एकत्र छापलेले असतात. मुखपृष्ठावर नाव मात्र एकट्या नोराचे आहे.