कशावरून? : शास्त्रीय कारणे लिहिण्याची बाबासाहेबांची रीत

दहावीच्या विज्ञानाच्या पेपरात 'शास्त्रीय कारणे लिहा' हा प्रश्न वर्षानुवर्षे येत आला आहे. आपल्या वस्त्यांतली मुले त्याची तयारी कशी करतात, हे कोणत्याही अभ्यासिकेत एक संध्याकाळ बसले तरी कळते. गाईडमधली चार वाक्ये पाठ होतात, पेपरात उतरतात आणि मार्क मिळतात. मुलाला विचारा, "हे कशावरून?" तो म्हणतो, "पुस्तकात आहे."

मित्रांनो, 'पुस्तकात आहे' हे कारण होत नाही. ग्रंथात लिहिले आहे म्हणून ते खरे, या एका वाक्याने आपल्या कित्येक पिढ्यांचे काय केले, हे आपल्याला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. मग तेच वाक्य विज्ञानाच्या तासाला आपल्या मुलांच्या तोंडी कसे चालते? पुराव्यासह कारण मांडणे ही जन्मजात बुद्धीची बाब नाही. ती शिकवावी लागते आणि शिकवली तर येते. बाबासाहेबांच्या लेखनाची ताकद त्याच शिस्तीत आहे. म्हणून ती आपल्या मुलांना शिकवणे हे ट्यूशनवाल्यांवर सोडून द्यायचे काम नाही, ते चळवळीचे काम आहे.

कोलंबियातले शिक्षण

१९१३ साली बाबासाहेब न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. तिथे त्यांना जॉन ड्युई हे शिक्षक लाभले. ड्युईंचे 'हाऊ वी थिंक' हे पुस्तक १९१० साली आले होते. त्याच वर्षी 'सायन्स' या नियतकालिकात त्यांचे एक भाषण छापले गेले. त्यातली तक्रार आजही ताजी वाटते. शाळेत विज्ञान म्हणजे तयार माहितीचा साठा म्हणून शिकवले जाते, विचार करण्याची पद्धत म्हणून पुरेसे शिकवले जात नाही, असे ते म्हणत होते. ड्युईंच्या मते विचाराची सुरुवात अडचणीतून होते. माणूस अडचण नेमकी ओळखतो, तिची संभाव्य उत्तरे मांडतो, ती उत्तरे खरी असतील तर पुढे काय दिसायला हवे हे ताडतो आणि मग निरीक्षणाने तपासतो.

९ मे १९१६ रोजी डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात बाबासाहेबांनी भारतातील जातींवरचा आपला निबंध वाचला. तेव्हा ते पंचवीस वर्षांचे होते. पुढच्या वर्षी तो 'इंडियन अँटिक्वेरी'त छापून आला. हा निबंध आपण अभिमानाने मिरवतो, त्यातली वाक्ये पोस्टरवर टाकतो. पण तो रचला कसा आहे, हे किती जण पाहतात?

निबंध उलगडून पाहू

पहिली पायरी : आधीच्या उत्तरांची तपासणी. सेनार्ट, नेसफील्ड, रिस्ले आणि केतकर या चौघांच्या व्याख्या बाबासाहेब समोर ठेवतात आणि एकेक तपासतात. सेनार्ट विटाळाच्या कल्पनेवर भर देतात. पण विटाळ पुरोहिती कर्मकांडातून येतो, तो जातीचे खास लक्षण नव्हे, असे बाबासाहेब दाखवतात. नेसफील्ड रोटीबंदीला महत्त्व देतात. ती तर जातीचा परिणाम आहे, कारण नव्हे, हे त्यांचे उत्तर. इथे कोणाला शिवी नाही की कोणाच्या हेतूबद्दल शेरा नाही. व्याख्या कुठे तुटते, तेवढेच दाखवले आहे.

दुसरी पायरी : स्वतःचे विधान. जातीचे मर्म म्हणजे जातीतल्या जातीतच लग्न, म्हणजे बेटीबंदी. हे विधान एका वाक्यात मावते आणि त्याचा अर्थ कोणालाही कळतो.

तिसरी पायरी : पुरावा आणि त्याला विधानाशी जोडणारा तर्क. एखाद्या गटाने बाहेर लग्न करायचेच नाही असे ठरवले, तर लग्नाच्या वयाच्या स्त्रीपुरुषांची संख्या सारखी राहिली पाहिजे. पण नवरा आधी मेला तर बाई 'जास्त' होते आणि बायको आधी मेली तर पुरुष 'जास्त' होतो. हा जास्तीचा माणूस गटाबाहेर लग्न करील किंवा आतल्यांच्या वाट्याला येईल. मग त्याचे करायचे काय? बाईला नवऱ्याबरोबर जाळायचे किंवा सक्तीने विधवा ठेवायचे. पुरुषाला मात्र लग्नाच्या वयात न आलेली मुलगी द्यायची. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या तीन चाली एकमेकींशी आणि बेटीबंदीशी कशा जोडलेल्या आहेत, हे त्यांनी असे उलगडले. 'सतीची चाल होती' एवढे लिहिले असते तर ती नुसती माहिती झाली असती. तर्काने जोडल्यावर ती पुरावा झाली.

चौथी पायरी सर्वांत महत्त्वाची : विधान खरे असेल तर आणखी काय दिसायला हवे? जात वरून खाली अनुकरणाने पसरली असेल, तर ब्राह्मणांच्या जवळच्या जातींत या चाली जास्त आणि दूरच्या जातींत कमी दिसल्या पाहिजेत. आणि तसेच दिसते, असे बाबासाहेब मांडतात. सर्वांत जवळच्यांनी तिन्ही चाली उचलल्या, त्यानंतरच्यांनी वैधव्य आणि बालविवाह, त्याहून दूरच्यांनी फक्त बालविवाह आणि अगदी टोकाच्यांनी केवळ जातीचे तत्त्व. मनूसारख्या एका माणसाने कायदा करून जात लादली, या समजुतीने ही उतरंड उलगडत नाही.

आणि शेवटी ते सांगतात की ही मांडणी चर्चेतली एक भर आहे, ती टिकत नाही असे कोणी दाखवले तर आपण ती सोडायला तयार आहोत.

न्यायालयातले 'कशावरून?'

कोणी म्हणेल, हे विद्यापीठात ठीक, रस्त्यावरच्या लढाईत त्याचा काय उपयोग? मग महाडकडे पाहा. २० मार्च १९२७ ला चवदार तळ्याचे पाणी प्याल्यानंतर सनातन्यांनी तळ्याचे 'शुद्धीकरण' केले आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये न्यायालयात दावा लावला. अस्पृश्यांनी या तळ्याला हात लावायचा नाही ही प्रथा अनादी काळापासून आहे, असा त्यांचा दावा होता. खटला दहा वर्षे चालला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निकाल बाबासाहेबांच्या बाजूने दिला. प्रथा अनादी आहे हे वादींना पुराव्याने सिद्ध करता आले नाही. मोठ्या आवाजात सांगितलेली परंपरा 'कशावरून?' या एका प्रश्नापुढे उभी राहू शकली नाही. तळे सत्याग्रहाने खुले केले आणि न्यायालयातला दावा पुराव्याच्या कसोटीवर पडला. लढाईला दोन्ही लागले.

गावच्या शाळेत हे जमते का?

'आपल्या मुलांना आधी लिहिता-वाचता येऊ द्या, तर्कबिर्क नंतर' हा आक्षेप नेहमीचा आहे. त्याला उत्तर मध्य प्रदेशात मिळाले आहे. १९७२ साली होशंगाबाद जिल्ह्यातल्या १६ माध्यमिक शाळांत किशोर भारती आणि फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी विज्ञान शिकवण्याचा एक कार्यक्रम सुरू केला. गावातली साधी मुले गटाने प्रयोग करत, निरीक्षणे वहीत नोंदवत आणि निष्कर्ष स्वतःच्या शब्दांत लिहीत. त्यांच्या 'बाल वैज्ञानिक' या पुस्तकात प्रश्न होते, तयार उत्तरे नव्हती. परीक्षेला पुस्तक उघडून बसायची मुभा होती, कारण नक्कल करण्यासारखे त्यात काही नव्हतेच. १९७८ पासून कार्यक्रम जिल्हाभर गेला, १९८२ नंतर 'एकलव्य' संस्थेने तो सांभाळला. २००२ साली राज्य सरकारने तो बंद केला. पण सरकारी शाळेतली, खेड्यातली मुले हे करू शकतात, हे तीस वर्षांच्या कामाने दाखवून दिले होते.

अमेरिकेतल्या विज्ञान-शिक्षणाच्या अभ्यासकांनी अलीकडे हीच रीत विधान, पुरावा आणि तर्क अशा तीन भागांत बांधली आहे. मुलांना ते तीन भाग वेगळे करून लिहायला शिकवतात. आपल्याकडे त्यासाठी अवघड शब्दांची गरज नाही. तीन प्रश्न पुरे : काय म्हणायचे आहे? कशावरून? हेच का, दुसरे का नाही?

अभ्यासिकेत करून पाहा

बर्फाचे पाणी भरलेल्या, झाकण घट्ट लावलेल्या बाटलीवर बाहेरून थेंब का जमतात, हे मुलांना विचारा. कोणी म्हणेल, पाणी आतून पाझरते. कोणी म्हणेल, हवेतून येते. लगेच बरोबर उत्तर सांगू नका. आधी विचारा, पाझरत असेल तर काय दिसेल? पाण्यात रंग मिसळा : बाहेरचे थेंब बिनरंगी निघतात. कोरडी पुसलेली बाटली किराणा दुकानातल्या बारीक वजनकाट्यावर ठेवा आणि थेंब जमल्यावर पुन्हा ठेवा : वजन किंचित वाढलेले असते. आतलेच पाणी बाहेर आले असते तर वजन वाढले नसते. म्हणजे पाणी बाहेरून आले. आता तर्क : हवेत पाण्याची वाफ असते, थंड पृष्ठभागाला लागून ती निवते आणि तिचे पाणी होते. साध्या पाण्याच्या बाटलीवर थेंब का जमत नाहीत, तेही यातूनच कळते.

हे सगळे मुलाने स्वतःच्या बोलीत आठ-दहा ओळींत लिहावे. शुद्धलेखन नंतर सुधारता येते. त्या वहीत त्याने चार पायऱ्या चढलेल्या असतात : दुसऱ्याचे उत्तर तपासले, आपले मांडले, पुरावा दिला, तर्काने जोडला. १९१६ च्या निबंधाची रीत हीच.

आता स्वतःकडेही पाहू या. आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज किती गोष्टी फिरतात, ज्यांना 'बाबासाहेब म्हणाले' एवढाच आधार असतो? ते कधी म्हणाले, कुठे म्हणाले, हे कोणी विचारत नाही. विचारले तर तो फितूर ठरतो. केवळ परंपरा आहे म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा गुरू सांगतो म्हणून मानू नका, असे कालामांना सांगणाऱ्या बुद्धाचे नाव आपण घेतो. बाबासाहेबांचे वाक्यही पुराव्याच्या जागी ठेवता येत नाही. त्यांनी दिलेला पुरावा ठेवता येतो आणि तो ठेवायला त्यांचे पुस्तक उघडावे लागते.

आपल्या मुलांना गुणवत्ता नाही, असे म्हणणारे उद्याही भेटतील. त्यांच्याशी घोषणांनी बोलता येईल, पण तेवढ्याने भागणार नाही. संविधानाच्या कलम ५१(क) मध्ये वैज्ञानिक दृष्टिकोन हे नागरिकाचे कर्तव्य म्हणून १९७६ सालच्या घटनादुरुस्तीने घातले गेले. ते कर्तव्य शिकवण्याची सोय मात्र आपल्यालाच करावी लागणार आहे. ज्या वस्तीत विहार आहे, अभ्यासिका आहे, तिथे आठवड्यातला एक तास 'कशावरून?' या प्रश्नासाठी राखून ठेवा. जे मूल आज बाटलीवरच्या थेंबाचे कारण पुराव्यासह लिहील, ते उद्या शिष्यवृत्ती का अडली, रेशन का कापले गेले, याचा अर्जही कोणी नाकारू शकणार नाही असा लिहील.

जय भीम!