बिनबियांच्या द्राक्षाची कुळकथा

तासगावच्या सौद्यात बेदाण्याचा भाव फुटतो तेव्हा रंग, आकार, गोडी सगळ्यांवर बोली होते. बी नाही यावर कोणी बोलत नाही, ते गृहीतच असतं. पण या वेलीचं कूळ शोधायचं तर सुरुवात तिथूनच करावी लागते, कारण आपलं हिरवं बिनबियांचं द्राक्ष म्हणजे तीन जनुकीय बदलांची बेरीज आहे.

रानद्राक्षाचे नर वेल वेगळे, मादी वेल वेगळे. माणसाने लावलेल्या वेलीच्या एकाच फुलात दोन्ही नांदतात, हा पहिला बदल. दुसरा रंगाचा. द्राक्षं मुळात काळीच. सालीत रंग भरण्याचा हुकूम देणारी दोन जनुकं शेजारीशेजारी आहेत. एकाच्या तोंडाशी डीएनएचा एक भटका तुकडा उडी मारून बसला, हे जपानी संशोधकांनी २००४ मध्ये दाखवलं. दुसरंही बिघडलेलं आहे, हे ऑस्ट्रेलियात २००७ मध्ये कळलं. दोन्ही गप्प झाली आणि द्राक्ष हिरवं राहिलं.

तिसरा बदल बीचा, आणि तो सर्वांत चमत्कारिक. या द्राक्षात परागीभवन होत नाही असा समज आहे, तो चुकीचा. परागीभवन होतं, गर्भही धरतो, पण काही आठवड्यांत त्याची वाढ खुंटते. बीचं टणक कवच तयारच होत नाही. उरतो तो दाताला न जाणवणारा मऊ अवशेष. स्पेनमधल्या संशोधकांनी २०१८ मध्ये या प्रकाराचं मूळ शोधून काढलं. बीचं कवच घडवण्यात ज्याचा वाटा असतो, त्या प्रथिनात १९७व्या जागी आर्जिनिनऐवजी ल्युसिन आलं होतं. जनुकाच्या लिपीत एका अक्षराची अदलाबदल, बस्स! आणि हा बदल प्रभावी आहे, म्हणजे जनुकाच्या दोन प्रतींपैकी एक जरी अशी असली तरी बी खलास. रानात असा वेल निर्वंश झाला असता. पण कोणीतरी ते द्राक्ष चाखलं आणि त्या वेलीची काडी रोवली. त्या माणसाचं नाव इतिहासाला ठाऊक नाही. इराणपासून तुर्कस्तानापर्यंत किशमिश, सुलताना अशा नावांनी हा वेल शतकानुशतकं काडीवाटेच फिरत राहिला.

नाव लागलं ते मात्र विल्यम थॉम्सनचं. कॅलिफोर्नियाच्या या बागायतदाराने १८७२ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या एका रोपवाटिकेतून काड्या मागवल्या, वाढवल्या, वाटल्या. वाण त्याने घडवलं नव्हतं. तरी जगभर ते थॉम्सन सीडलेस झालं. बारशाला आलेल्या पाहुण्याचंच नाव बाळाला ठेवावं तसं.

महाराष्ट्रात पूर्वी भोकरी, अनाबेशाही अशी बियांची द्राक्षं होती. थॉम्सन आलं आणि बागांचं गणितच बदललं. पुढची गोष्ट मला जास्त मोलाची वाटते. द्राक्षाची लागवड काडीने होते, म्हणून बागेतले सगळे वेल एकाच वेलीच्या प्रती असायला हवेत. पण लाखो डोळ्यांपैकी एखाद्या डोळ्यात, वाढीच्या टोकावर, पेशी दुभंगताना चूक होते. तो डोळा फुटून आलेल्या काडीला वेगळाच घड लागतो. बहुतेक वेळा तो वाईट असतो आणि छाटणीत जातो. कधी मात्र मणी लांबट असतो. सोलापूरजवळच्या नान्नजमध्ये नानासाहेब काळे यांच्या बागेतून सोनाका आलं ते थॉम्सनच्या अशाच बदलातून. तास-ए-गणेशही थॉम्सनच्याच कुळातलं, तासगाव तालुक्यातल्या बोरगावचं. काळं शरद सीडलेस मात्र काळ्या किशमिशच्या घराण्यातलं, नान्नजचंच. जनुकात काय बदललं हे या बागायतदारांना कळण्याचं कारणच नव्हतं. सगळ्या बागेत एक घड वेगळा दिसतो आहे आणि तो कापायचा नाही, एवढं मात्र त्यांना कळलं. या शोधातलं खरं काम तेच.

बी गेली त्याची किंमत मात्र दर हंगामात मोजावी लागते. मणी फुगवणारं जिबरेलिन मुख्यतः बीकडून येतं. बीच नाही, तर मणी बारीक राहतो. म्हणून बागेत जिबरेलिनच्या, म्हणजे जीएच्या फवारण्या, घड बुडवण्याचं डिपिंग आणि हाताने विरळणी. हे औषध सापडलं भाताच्या रोगातून. भाताची रोपं उंच, फिकट होऊन कोलमडायची. ते रोगाच्या बुरशीतून पाझरणाऱ्या द्रव्यामुळे होतं, हे जपानी शास्त्रज्ञ कुरोसावा यांनी १९२६ मध्ये दाखवलं. एका पिकाला आडवं करणारं द्रव्य दुसऱ्या पिकाचा मणी भरतं.

दोन बिनबियांच्या वाणांचा संकर करायचा तर बी कुठून आणणार? म्हणून पैदासकार वाढ खुंटण्याआधीच तो इवला गर्भ मण्यातून काढतात आणि काचेच्या नळीत पोषक माध्यमावर वाढवतात. १९८०च्या दशकात अमेरिकेत ही पद्धत बसली. तिच्यामुळे नव्या वाणांचा वेग वाढला, आणि आता परदेशी पेटंटची वाणं नाशिकच्या बागांतही लागतात, स्वामित्वशुल्क भरून, काडी शेजाऱ्याला द्यायची नाही अशा करारावर.